धाकट्या जावेच्या केसपेपरवरचा शब्द

सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावातून पत्र आलंय. लिहिणाऱ्या ताई घरातल्या मोठ्या सूनबाई. धाकटे दीर मुंबईत नोकरीला आहेत. त्यांची बायको, वय २४, लग्नाला तीन वर्षं झाली, गावी सासू-सासऱ्यांजवळ असते. गेल्या वर्षभरात तिला तीनदा आकडीसारखं झालं. दातखीळ बसते, अंग ताठ होतं, झटके येतात. काही मिनिटांनी सगळं थांबतं, पण उजवा पाय पुढे तासभर लुळा राहतो. पहिल्यांदा हे झालं हरतालिकेच्या रात्री, घर चाकरमान्यांनी भरलेलं असताना. मग जत्रेत दशावतार बघून पहाटे परतल्यावर, आणि नंतर शिमग्यात पालखी घरी आली त्या दिवशी. मध्यंतरी ताईंना तिच्या कपाटात माहेरचा जुना केसपेपर सापडला, ती दहावीत असतानाचा. त्यावर 'हिस्टेरिया' असं लिहिलेलं. ताईंनी तो ओटीवर सगळ्यांसमोर वाचून दाखवला. तेव्हापासून दीर म्हणतात, नाटक आहे. सासूबाई म्हणतात, 'ह्या बाहेरचा काय तरी आसा', आणि त्यांचं बोट चुलत घराकडे आहे. नणंद म्हणते, मूल झालं की बरी होईल. चुलतसासरे म्हणतात, माहेरच्यांनी फसवलं, पाठवून द्या परत. भाच्यानं झटक्यांचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. ताईंचा प्रश्न असा: "हा खरा आजार आहे की सोंग? माणसं जमली की होतं, एकटी असताना कधीच नाही. आणि मी तो कागद वाचून दाखवला, हे चुकलं का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल. हो, चुकलं. दवाखान्याचा कागद ज्याचा त्याचा असतो, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानंही ही गुप्तता हक्क म्हणून मान्य केलेली आहे. तुम्ही घाबरून वाचलात, तिला खाली बघायला लावायला नव्हे, हे पत्रावरून कळतं. पण तिला ते कसं कळणार? एकदा तिला सरळ सांगा, 'माझं चुकलं'. मोठ्या जावेनं धाकटीपुढे नमतं घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही, ठाऊक आहे मला. तरी घ्या.

आता त्या शब्दाकडे येऊ. सगळ्यांनी आपापलं भांडण त्याच्यावरच मांडलंय.

मी लहान असताना आमच्या शेजारच्या घरात एका काकींना असंच व्हायचं. आरडाओरडा झाला की आम्ही पोरं खळ्यात जाऊन उभी राहायचो. कुणीतरी कांदा आणायचं, उंबऱ्यावर ठेवून मुठीनं फोडायचं आणि काकींच्या नाकाशी धरायचं. कांदा हाताशी नसेल तर पायातली वहाण. काकींच्या डोळ्यांतून पाणी आलं की बायका म्हणायच्या, 'इली, इली शुद्धीवर.' कांद्यानं आमच्याही डोळ्यांत पाणी यायचं, पण आम्हाला कोणी शुद्धीवर आलो म्हणत नसे.

पुढे कधीतरी या शब्दाचा इतिहास वाचला आणि तो कांदा आठवला. 'हिस्टेरा' म्हणजे ग्रीक भाषेत गर्भाशय. आपल्याकडे बायका 'पिशवी काढली' म्हणतात त्या ऑपरेशनला हिस्टेरेक्टमी म्हणतात, तेही याच शब्दावरून. काही प्राचीन ग्रीक वैद्यांची अशी समजूत होती की बाईचं गर्भाशय आपली जागा सोडून वर सरकतं, छातीशी येतं आणि तिचा श्वास कोंडतो. उपाय काय, तर नाकाशी घाण वास धरायचा आणि खालून सुवासिक धुरी द्यायची, म्हणजे ते घाणीपासून पळून वासाच्या ओढीनं आपल्या जागी परत जाईल! आणि वयात आलेल्या मुलींना असे त्रास व्हायला लागले तर लवकर लग्न लावा, दिवस गेले की बरी होईल, असाही सल्ला त्या ग्रंथांत आहे. तुमच्या नणंदेनं ग्रीक ग्रंथ वाचलेले नसणार. पण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याचं आणि तिचं मत तंतोतंत जुळतंय, एवढं तिला हसत हसत सांगायला हरकत नाही.

आपलंही काही वेगळं नाही बरं का. जुन्या आयुर्वेद ग्रंथांत अशा झटक्यांना 'अपतंत्रक' म्हटलंय आणि ते वातरोगांत मोजलंय. त्यात बाईमाणसाचा खास उल्लेख नाही. पण हिस्टेरियाला देशी प्रतिशब्द म्हणून जो रूढ झाला तो 'योषापस्मार'. योषा म्हणजे बाई. म्हणजे भाषांतर करतानाही बाईला सोबत घेऊनच केलं.

या शब्दानं एकदा मात्र भलं करायचा प्रयत्न केला होता, ती गोष्ट तुमच्या सासूबाईंसाठी सांगते. १६०२ साली लंडनमध्ये मेरी ग्लोव्हर नावाच्या मुलीला झटके यायला लागले. शेजारच्या एलिझाबेथ जॅक्सन या म्हातारीनं करणी केली, असं लोक म्हणू लागले आणि खटला उभा राहिला. एडवर्ड जॉर्डन नावाच्या वैद्यानं कोर्टात सांगितलं की ही करणी नाही, शरीराचा आजार आहे. पुढच्या वर्षी त्यानं त्यावर पुस्तकही लिहिलं. त्याच्या मतेही दोष गर्भाशयाचाच होता, म्हणजे कारण चुकीचंच. पण हेतू केवढा मोठा, एका म्हातारीला चेटकीण ठरण्यापासून वाचवण्याचा. न्यायाधीशानं ऐकलं नाही, बाईला शिक्षा झालीच. तुमच्या घरात आज चुलत घराकडे जे बोट दाखवलं जातंय, ते त्याच वाटेनं चाललंय. आपल्याकडे मात्र आता कायदा आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार अमक्यानं करणी केली असं कुणावर ठपका ठेवून बोलणं हाही गुन्हा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं हे तर त्यात नाव घेऊन लिहिलेलं आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

सासूबाईंशी यावरून भांडू नका पण. देवळात जाऊन गाऱ्हाणं घालायचं तर घालू दे, कौल लावायचा तर लावू दे, तुम्हीही सोबत जा. देवापुढे उभं राहिल्यानं कोणाचं काही बिघडत नाही, उलट सासूबाईंच्या जिवाला आधार मिळतो. सीमा एकच आखा. तिच्या अंगाला कोणी हात लावणार नाही, कसली धुरी नाही, आणि दवाखान्याची तारीख त्यासाठी पुढे ढकलायची नाही.

मधला इतिहास भराभर सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये शार्को नावाचे मोठे मेंदूविकारतज्ज्ञ होते. सालपेत्रिएर इस्पितळात ते व्याख्यानाला अशा रुग्ण बायकांना लोकांसमोर आणून दाखवत. पण हा त्रास पुरुषांनाही होतो, हे त्यांनीच ठासून मांडलं. पुढे ब्रॉयर आणि फ्रॉइड या डॉक्टरांचं हिस्टेरियावरचं १८९५ चं पुस्तक आलं आणि मनात दाबलेलं दुःख शरीरातून बोलतं, हा विचार रुजला. पहिल्या महायुद्धात तर अंगावर जखम नसलेले सैनिक थरथरत, मुके होऊन, पाय ओढत परत आले. त्यांच्यासाठी १९१५ पासून 'शेल शॉक' हे नाव चाललं. माझा आपला एक संशय आहे, की बंदूक हातात घेतलेल्या बाप्याला 'हिस्टेरिया' म्हणायला सगळ्यांची जीभ अडखळत असणार.

शेवटी १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेनं आपल्या आजारांच्या अधिकृत यादीतून हिस्टेरिया काढून टाकला. त्यात जे जे कोंबलं होतं ते वेगवेगळं केलं. आज अशा झटक्यांना, लुळेपणाला, अचानक आवाज जाण्याला 'फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर' म्हणतात. काही डॉक्टर 'कन्व्हर्जन' किंवा 'डिसोसिएटिव्ह' हे शब्द वापरतात. म्हणजे तुमच्या जावेच्या कागदावर जो शब्द आहे, तो ती जन्मायच्या आधीच त्या यादीतून गेलेला होता. तरी आपल्याकडे केसपेपरवर तो अजून दिसतो, नाहीतर 'एचसीआर' अशी तीन अक्षरं दिसतात. त्यातला 'एच' तोच. काही ठिकाणी अजूनही नाकाशी अमोनियाचा बोळा धरतात. कांदा, वहाण, अमोनिया. जाणकार डॉक्टर हे करू नका म्हणतात, कारण त्यानं निदान होत नाही आणि रुग्णाला फक्त शिक्षा होते.

आता तुमचा मुख्य प्रश्न, खरं की सोंग. 'फंक्शनल' म्हणजे काय ते आपल्या आगरातल्या पाण्यावरून सांगते. विहिरीत पाणी आहे, पंप चालू आहे, पाट कुठे फुटलेला नाही, तरी शेवटच्या माडापर्यंत पाणी पोचत नाही. कारण मध्येच कुठेतरी ते भलत्या आळ्याकडे वळलंय. माड मात्र खरोखरच सुकतो, तो काही सुकल्याचं सोंग करत नाही. या आजारात मेंदूची घडण शाबूत असते, स्कॅन स्वच्छ येतो, पण मेंदूकडून शरीराकडे जाणारा हुकूम वाटेत वळतो. हे त्या माणसाच्या हातात नसतं.

आणि हे डॉक्टरला तपासून दिसतं. १९०८ साली हूवर नावाच्या डॉक्टरांनी एक साधी खूण सांगितली. रुग्णाला निजवून लुळा पाय खाटेवर दाबायला सांगितला तर तो दाबला जात नाही. पण धड पाय वर उचलायला सांगून त्याला हातानं विरोध केला, की तोच लुळा पाय आपोआप खाली दाबला जातो, त्याच्या टाचेखाली ठेवलेल्या हाताला तो दाब लागतो. चांगले डॉक्टर आज ही खूण रुग्णाची लबाडी पकडायला वापरत नाहीत, तर तिला दाखवायला वापरतात की बघ, तुझ्या पायात ताकद आहे, वाट अडलीये, ती मोकळी करता येईल. घरी मात्र हे करून बघू नका. माजघरात दहा जणांनी तिचे पाय उचलून बघण्याइतकं वाईट काही नाही.

पण थांबा, तिला हाच आजार आहे असं मी म्हटलेलं नाही. तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला तुमच्यापेक्षा वेगळी दिसली. 'माणसं जमली की होतं' असं तुम्ही लिहिता. एक तर, एकटी असताना झालं असेल तर ते बघायला कोण होतं? आणि दुसरं, त्या तीन दिवसांत गर्दीशिवाय आणखी काय सारखं होतं ते बघा. हरतालिकेला तिचा कडक उपवास, तोंडात पाण्याचा थेंब नाही, वर दुसऱ्या दिवशीच्या गणपतीची तयारी आणि रात्रभर जागरण. जत्रेला दशावतार संपेपर्यंत उजाडतंच. शिमग्यात पालखी यायची म्हणजे आदल्या रात्री घरातल्या बाईची पाठ जमिनीला टेकत नाही. तुम्हाला तिन्ही वेळा माणसं दिसली, मला तिन्ही वेळा जागरण दिसलं. अपुऱ्या झोपेनं अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याचा झटका येऊ शकतो. झटक्यानंतर एक बाजू काही वेळ लुळी पडणं फेफऱ्यातही होतं. उपाशीपोटी साखर उतरून किंवा रक्त कमी असूनही माणूस कोसळतं. आणि मनावरचा ताणही याच दिवसांत चढलेला असतो. यातलं काय, हे पत्रावरून ना मला कळणार, ना फोनवर शोधून तुम्हाला. काहींना दोन्ही प्रकारचे झटके येतात, हेही लक्षात असू द्या.

एकदा 'हिस्टेरिया' लिहिलं की पुढचा डॉक्टर कागद बघतो, मान हलवतो आणि शोधायचं थांबतो. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ एलियट स्लेटर यांनी असा शिक्का बसलेल्या रुग्णांचा पुढची काही वर्षं माग काढून १९६५ साली तो अभ्यास छापला, तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणांना प्रत्यक्षात मेंदूचे वा इतर आजार होते असं निघालं. आता तपासण्या सुधारल्या आहेत, अशा चुका पुष्कळ कमी झाल्या आहेत. पण त्या तपासण्या करायला तर हव्यात! दहावीतल्या मुलीला एकदा कोणीतरी पाहून एक शब्द लिहिला, पुढची आठ वर्षं कोणी काही पाहिलंच नाही.

तेव्हा गणपतीच्या आधी तिला मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या. जवळ नसतील तर आधी फिजिशियनकडे चालेल, ते पुढे पाठवतील. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, करायचा का, ते तेच ठरवतील. फंक्शनल झटके निघाले तर समजावून सांगणं, मानसोपचार, पायासाठी फिजिओथेरपी असे उपचार असतात आणि पुष्कळांना त्यांचा गुण येतो. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचे तपासणीचे दिवस फोन करून विचारून घ्या. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथेही बाहेरून दाखवून येता येतं. नाव ऐकून घरात दचकतील, म्हणून आधी १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फेफरं निघालं आणि गोळ्या सुरू करायच्या झाल्या, तर मुलाचा विचार आहे हे डॉक्टरांना आधीच सांगा, कारण व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं पोटातल्या बाळाला अपाय करतात. आणि सुरू झालेली गोळी कोणाच्या सांगण्यावरून मध्येच बंद करायची नाही.

डॉक्टरांकडे जाताना हिस्टेरिया, नाटक, बाहेरचं हे सगळे शब्द घरी ठेवून जा. एका वहीत फक्त दिसलं ते लिहा. तारीख, वेळ, आदल्या रात्री किती झोपली, शेवटचं कधी जेवली, पाळी कधी होती, डोळे उघडे होते की मिटलेले, जीभ चावली का, कपड्यात लघवी झाली का, घड्याळानं किती मिनिटं. भाच्याचा तो व्हिडिओ ग्रुपवरून आजच काढायला लावा, त्याला कान धरून. पण पुसून टाकू नका. तिला विचारून तुमच्या फोनमध्ये ठेवा, डॉक्टरांना दहा जणांच्या वर्णनापेक्षा तो जास्त सांगेल.

पुन्हा झटका आला तर तिला कुशीवर करा, डोक्याखाली काहीतरी मऊ, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला. हातपाय दाबून धरू नका, दातांत चमचा घालू नका, किल्ल्यांचा जुडगा हातात देऊ नका. कांदा भाजीसाठी ठेवा. पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा एका पाठोपाठ दुसरा आला तर गाडी काढा, १०८ ला फोन करा. निदान होईपर्यंत तिनं एकटीनं विहिरीवर जाऊ नये, स्कूटी चालवू नये, न्हाणीघराला आतून कडी लावू नये.

चुलतसासऱ्यांचं 'परत पाठवा' हे बोलणं मला सगळ्यात जास्त खटकलं. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी लग्नाच्या अटींमध्ये फेफऱ्याचा उल्लेख होता, तो १९९९ मध्ये काढून टाकला. म्हणजे फेफरं असलं तरी ते लग्नाच्या आड येत नाही. मग आठ वर्षांपूर्वीच्या एका कागदावरच्या रद्द झालेल्या शब्दावरून संसार मोडायला निघालेल्या माणसाला काय म्हणावं? आणि हे दीरांना ऐकवणारं घरात दुसरं कोणी दिसत नाही, तेव्हा तुम्हालाच ऐकवावं लागेल. डॉक्टरांकडे त्यांनी सोबत यायला हवं, मुंबईहून सुट्टी काढून. गणपतीला मिळते तशी याला मिळेल.

हा शब्द आता दवाखान्यातून बाहेर पडून दुसरीकडेच राहायला गेलाय, हेही जाता जाता सांगते. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपतीच्या मूर्तींनी दूध प्यायलं, आठवत असेल. वर्तमानपत्रांनी त्याला 'मास हिस्टेरिया' म्हटलं. खरं तर त्या दिवशी आजारी कोणीच नव्हतं. दूध केशाकर्षणानं ओढलं जात होतं आणि लोकांना बघायची घाई झाली होती, एवढंच. ऑफिसात, घरात आवाज चढवून बोलणाऱ्या बाईला 'हिस्टेरिक होऊ नकोस' म्हणतात. तेवढ्याच आवाजात बोलणारा पुरुष तापट असतो, कडक असतो. तुमचे दीर 'हिस्टेरिया म्हणजे नाटक' म्हणतात ते या बाजारातल्या अर्थानं. केसपेपर लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या मनात बहुधा तो अर्थ नव्हता.

एक गोष्ट राहिली. तुमचं पत्र चार पानी आहे. त्यात दीर काय म्हणाले ते आहे, सासूबाई, नणंद, चुलतसासरे, भाचासुद्धा आहे. जाऊ काय म्हणते, ते एका ओळीतही नाही. झटका यायच्या आधी तिला काही जाणवतं का? दहावीत असताना काय झालं होतं? तिला मुंबईला जायचंय की इथेच राहायचंय? ओटीवर बसवून विचारू नका. मासळी साफ करताना, घावणे घालताना, दोघीच असाल तेव्हा विचारा आणि ती गप्प राहिली तर परत दोन दिवसांनी. सांगितलं तर तिच्याच शब्दांत वहीत लिहा, तिला दाखवून.

आणि या हरतालिकेला तिचा उपवास नको. सासूबाई विचारतील, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा. पहाटे तिला पेज द्या, रात्री दहाला झोपायला पाठवा. मोदकांचा नारळ खवायला घरात चाकरमानी भरपूर असतात.